खबर परत आणणारी तार

‘सर्वो’ हा शब्द आता तालुक्याच्या गावच्या पाट्यांवरही दिसू लागला आहे. ‘सर्वो स्टॅबिलायझर दुरुस्त करून मिळतील’ अशी पाटी एसटी स्टँडच्या आसपास कोठे ना कोठे असतेच. शब्द मूळचा लॅटिन आणि त्याचा अर्थ गुलाम. १८७३ साली फार्को नावाच्या एका फ्रेंच इंजिनिअराने जहाजांवरील सुकाणूच्या वाफयंत्रांसंबंधी एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने आपल्या यंत्राला ‘सर्वो-मोतर’ असे नाव दिले. खलाशाने हातातील लहान चाक जेवढे फिरवावे तेवढेच वाफेने ते अवजड सुकाणू फिरवावे, कमी नाही, जास्त नाही, अशी त्याची रचना होती. यंत्र माणसाच्या हाताचे दास झाले, म्हणून हे नाव.

ज्याची हयात कामगार संघटनेत गेली त्याला असले नाव खटकणे साहजिक आहे. मलाही खटकले. परंतु यंत्राचा अभ्यास करू लागल्यावर असे दिसून आले की, ते भलत्यालाच दिले गेले आहे. खरा गुलाम म्हणजे साधी मोटार. बटण दाबले की फिरते. पट्टा तुटला आहे काय, माल अडकला आहे काय, याची तिला दाद ना फिर्याद. सर्वो यंत्राकडे हुकुमाची एक तार जाते आणि झालेल्या कामाची खबर घेऊन दुसरी तार परत येते. हुकूम आणि खबर यांची तुलना सतत चालू असते, आणि दोहोंत जो फरक पडेल तो भरून निघेपर्यंतच यंत्र हलते. या परत येणाऱ्या खबरीला इंग्रजीत फीडबॅक म्हणतात. मी तिला ‘परतखबर’ म्हणणार आहे. विद्वानांनी याहून चांगला शब्द सुचविल्यास माझी हरकत नाही.

कल्पना फार्कोच्याही आधीची आहे. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसविले होते. वेग वाढला की गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप लोटून घेत. तेथे तारेऐवजी लोखंडी दांडी होती, एवढाच फरक. आज मी जे सांगणार आहे ते विजेच्या साध्या मंडलांविषयी, म्हणजे ज्यांत आकडेमोड करणारा संगणक नसून केवळ दाब, प्रवाह, रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या जोरावर काम होते अशा मंडलांविषयी. उदाहरणासाठी त्या एसटी स्टँडजवळच्या दुकानातला स्टॅबिलायझरच उघडू या, कारण सर्वो यंत्र आणि विजेचे नियमन या दोन्ही गोष्टी त्या एका पेटीत शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

मुळात स्टॅबिलायझर लागतो कशाला? गावातील पिठाची गिरणी घ्या. मोटार २३० व्होल्टची आहे आणि संध्याकाळी दाब १९० वर आला. दाब सतरा-अठरा टक्क्यांनी उतरला, म्हणजे मोटारीची ओढही तेवढीच उतरली असेल असे वाटते. तसे होत नाही. मोटारीची ओढ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १९० ला २३० ने भागले तर ०.८३ येतात आणि त्याचा वर्ग होतो ०.६८. म्हणजे मोटारीची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली. जात्यावरचे धान्य तर तेवढेच आहे. मग मोटार मंदावते, जास्त प्रवाह ओढते, तापते, आणि वॉर्निश जळाल्याचा वास गिरणीत पसरतो. मोटार रिवाइंड करण्याचा खर्च कोणावर पडतो हे सांगावयास नको.

आता पेटीचे झाकण काढा. तळाला वाटोळे गुंडाळलेले एक ऑटो-ट्रान्सफॉर्मर दिसेल. त्याच्या वेटोळ्यांवरचे वॉर्निश एका बाजूने घासून तांबे उघडे केलेले असते आणि त्यावरून एक भुजा फिरते. भुजेच्या टोकाला कार्बनचा ब्रश. भुजा फिरविणारी एक लहानशी मोटार वर बसविलेली असते, हीच आपली सर्वो मोटार. शेजारी दुसरा एक ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचे दुय्यम वेटोळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या विजेच्या वाटेत ओळीने जोडलेले असते. ब्रश मध्यावर असेल तर हा दुसरा ट्रान्सफॉर्मर काहीच करीत नाही. ब्रश एका अंगाला सरकला की तो येणाऱ्या दाबात भर घालतो. दुसऱ्या अंगाला सरकला की वजाबाकी करतो.

या रचनेत जी काटकसर आहे ती मला फार आवडते. समजा दाब १९० आहे आणि आपल्याला २३० हवे आहेत, घरात १० अँपिअर प्रवाह चालू आहे. एकंदर काम २३०० व्होल्ट-अँपिअरचे झाले. परंतु भर घालावयाची ती फक्त ४० व्होल्टची, म्हणजे ४०० व्होल्ट-अँपिअरची. तेवढेच ओझे त्या ट्रान्सफॉर्मरवर आणि ब्रशवर पडते. बाकीची वीज आल्या वाटेने सरळ निघून जाते.

येथे थोडे विषयांतर करतो. ही ४० व्होल्टची भर आकाशातून पडत नाही. स्टॅबिलायझर वीज निर्माण करीत नाही. आत १९० व्होल्टने १० च्या ऐवजी १२ अँपिअर घेतो, तेव्हा कोठे बाहेर २३० व्होल्टने १० अँपिअर देऊ शकतो. म्हणजे ज्या घरी स्टॅबिलायझर आहे ते घर खालच्या दाबाच्या वेळी रस्त्यावरच्या तारेतून अधिक प्रवाह खेचते, तारेतील तूट वाढते आणि शेजारच्या बिनस्टॅबिलायझरच्या घराचा दाब आणखी उतरतो. मग शेजारीही स्टॅबिलायझर घेतो. अखेर दाब इतका खाली जातो की कोणाचाच स्टॅबिलायझर पुरत नाही, आणि सारी गल्ली मिळून वीज कंपनीच्या कचेरीत अर्ज घेऊन जाते. ट्रान्सफॉर्मर मोठा बसवून घेण्याचा हा अर्ज पहिल्याच दिवशी करता आला असता, असे आपले माझे मत.

पेटीकडे परत येऊ. भुजा कोणत्या बाजूला आणि किती फिरवावी हे ठरविणारे कार्ड तळहाताएवढे असते. बाहेर पडणाऱ्या दाबातून एका चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरने नमुना घेतला जातो, डायोडने तो एकदिश केला जातो, कपॅसिटरने त्यातील लाटा शांत केल्या जातात. ही झाली परतखबर. तिच्या वाटेत एक प्रीसेट असतो. तो फिरवून, बाहेर बरोबर २३० व्होल्ट असताना कार्डावर ५.६० व्होल्ट यावेत असे एकदा जुळवून ठेवतात.

तुलना करावयाची तर वजनमाप हवे. ते काम झेनर डायोड करतो. याच्यातून उलट्या दिशेने थोडा प्रवाह सोडला की त्याच्या दोन टोकांमधील दाब ठरलेल्या आकड्यावर जवळजवळ स्थिर राहतो. पाच-सहा व्होल्टच्या आसपासचे झेनर उष्णतेने सर्वांत कमी बदलतात, म्हणून जाणकार कारागीर तोच आकडा निवडतो. आपण ६.२ व्होल्टचा धरू. त्याच्यावर तीन रेझिस्टरांची साखळी बसविली की मधल्या दोन सांध्यांवर हवे ते दोन दाब मिळतात, समजा ५.५४ आणि ५.६६. म्हणजे ५.६० च्या खाली एक टक्का आणि वर एक टक्का.

यापुढे दोन कंपॅरेटर. कंपॅरेटर हा तराजूसारखा असतो, पण दांडी मधे कधी ठरत नाही. या पारड्यात किंचित जास्त झाले की पूर्ण या बाजूला, नाहीतर पूर्ण त्या बाजूला. पहिला कंपॅरेटर पाहतो की खबर ५.५४ च्या खाली गेली काय? गेली असेल तर ‘चढव’ हा रिले ओढला जातो आणि मोटार एका दिशेने फिरते. दुसरा पाहतो की ५.६६ च्या वर गेली काय? गेली असेल तर ‘उतरव’. दोहोंच्या मधे असेल तर दोन्ही रिले सुटलेले आणि मोटार स्तब्ध. झेनर, दोन कंपॅरेटर, दोन ट्रान्झिस्टर, दोन रिले आणि मूठभर रेझिस्टर, एवढ्यात सर्वो नियंत्रण झाले. पुण्याच्या तपकीर गल्लीत हा सारा ऐवज एका कागदी पिशवीत मिळतो. नववीपर्यंत शिकलेल्या माणसाला हे मंडल कळू शकते, हे मी स्वानुभवावरून सांगतो.

दोन आकड्यांच्या मधली जी स्तब्ध पट्टी, तिच्याविषयी जरा सविस्तर बोलले पाहिजे. कारण दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या पेट्यांपैकी कितीतरी या पट्टीमुळे आलेल्या असतात. मालकाला वाटते, एक टक्क्याऐवजी पाव टक्का ठेवला तर वीज आणखी शुद्ध मिळेल. तो संवेदनेचा प्रीसेट पिळतो. मग काय होते पाहा. मोटार भुजा फिरवीत असताना बाहेरचा दाब, समजा, सेकंदाला ३० व्होल्टने बदलतो. पट्टीत शिरल्याबरोबर रिले सुटला, पण रिले सुटावयास, कपॅसिटरवरील खबर ताजी व्हावयास आणि मोटार थांबावयास मिळून एक दशांश सेकंद गेला. तेवढ्यात दाब ३ व्होल्ट पुढे निघून गेला. एक टक्क्याची पट्टी दोन्ही अंगांनी मिळून ४.६ व्होल्ट रुंद होती. तीत हे ३ व्होल्ट सामावले असते. पाव टक्क्याची पट्टी जेमतेम १.१५ व्होल्ट. मोटार ती ओलांडून पलीकडे गेली. आता दुसरा रिले ओरडतो ‘उतरव’. मोटार उलटी फिरते आणि पुन्हा ओलांडते. रात्रभर हे खर्रर्र-खर्रर्र चालू राहते. कारखान्यात याला हंटिंग म्हणतात. थोड्याच दिवसांत ब्रश झिजून तांब्यावर ठिणग्या उडू लागतात.

न्हाणीघरात गीझरचा नळ सोडणाऱ्यास हा अनुभव रोजचा आहे. पाणी गार लागते म्हणून आपण चावी पिळतो. गरम पाणी नळीतून येईपर्यंत वेळ जातो, तोवर आणखी पिळतो. मग एकदम पोळते. दोष हाताचा नाही, खबर उशिरा येते. मॅक्सवेलसारख्या थोर शास्त्रज्ञाने १८६८ साली वॅटच्या गोळ्यांवर गणिती निबंध लिहिला तो या प्रश्नासाठीच की, काही इंजिने शांत चालतात आणि काही हेलकावे खात का सुटतात. इलाज दोन-तीन आहेत: खबर लवकर आणा, चाल मंद करा, पट्टी रुंद ठेवा. चौथा इलाज अधिक हुशारीचा आहे. केवळ ‘किती फरक आहे’ एवढेच न पाहता ‘तो किती वेगाने मिटत आहे’ हेही पाहावे आणि मुक्काम जवळ येताच आधीच आवरते घ्यावे. एसटीचा जुना ड्रायव्हर थांब्याच्या अलीकडेच ब्रेकवर पाय ठेवतो, तसे. मंडलात हे काम एका कपॅसिटरने आणि एका रेझिस्टरने साधते, कारण कपॅसिटरमधून वाहणारा प्रवाह दाबाच्या बदलाच्या वेगावर अवलंबून असतो.

त्या कार्डावर, कोपऱ्यात, तीन पायांचा एक काळा तुकडा ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेला दिसेल. त्याचा आकडा बहुधा ७८१२ असतो. त्याच घराण्यातील ७८०५ अधिक प्रसिद्ध. हा कार्डाला लागणारी स्थिर वीज पुरवितो. याच्यात मोटार नाही, भुजा नाही, तरी आतला कारभार अगदी तोच आहे. झडपेच्या जागी ट्रान्झिस्टर, वजनमापाच्या जागी अंतर्गत संदर्भ-दाब, आणि बाहेरच्या दाबाचा ठराविक हिस्सा परत आणणारे दोन रेझिस्टर. फरक वाढवून सांगणारा अँप्लिफायर तो ट्रान्झिस्टर किंचित उघडतो किंवा मिटतो. याला हंटिंगचे रिले लागत नाहीत, कारण हा थोडा उघडा, थोडा बंद अशा मधल्या अवस्थेतच राहतो. त्याची किंमत मात्र उष्णतेत मोजावी लागते. ७८०५ ला आत १२ व्होल्ट दिले, बाहेर ५ घेतले आणि प्रवाह १ अँपिअर असला तर ५ वॅट कामाला येतात आणि ७ वॅट पत्र्याला तापवितात. म्हणूनच मोबाइलच्या चार्जरमध्ये ही पद्धत सोडून, ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा पूर्ण उघडावयाचा आणि पूर्ण मिटावयाचा, ही पद्धत वापरतात. अर्धवट उघड्या नळात जे वाया जाते ते तेथे जात नाही. परतखबर मात्र तिलाही चुकलेली नाही.

आता असा प्रश्न येतो की, या स्वस्त तुकड्यांमधले अँप्लिफायर काही फार नेमके नसतात. एकाच डब्यातील दोन तुकडे सारखे निघत नाहीत, उन्हाळ्यात एक वागतात, हिवाळ्यात एक. मग काम इतके नेमके कसे होते? हे कोडे हॅरोल्ड ब्लॅक या अमेरिकन इंजिनिअराने सोडविले. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी तो हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेतून कामावर चालला होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोनचे अँप्लिफायर आवाज विद्रूप करीत, त्यावर तो कित्येक वर्षे झगडत होता. नावेतच त्याला सुचले आणि हातातील वर्तमानपत्राच्या पानावर त्याने समीकरण मांडले. कल्पना अशी की, अँप्लिफायर गरजेपेक्षा फार मोठा घ्यावयाचा आणि त्याची बरीचशी ताकद परतखबरीत मुद्दाम खर्च करून टाकावयाची. पेटंट मिळावयास डिसेंबर १९३७ उजाडला. कमावलेली ताकद फेकून देण्यात शहाणपण आहे हे पटावयास कठीण होते खरे.

आकडे घातले की पटते. एका अँप्लिफायरची वाढ एक लाख पट आहे. त्याच्या बाहेरच्या दाबाचा दहावा हिस्सा आपण परत आणून वजा केला. एकंदर वाढ येते ९.९९९ पट. आता तुकडा म्हातारा झाला आणि त्याची वाढ निम्मी, म्हणजे पन्नास हजार पट, राहिली. एकंदर वाढ येते ९.९९८ पट. अर्धी ताकद गेली तरी बाहेर दहा हजारांत एकाचा फरक. नेमकेपणा अँप्लिफायरमधून निघून परत आणणाऱ्या दोन रेझिस्टरांकडे गेला, आणि चांगला रेझिस्टर ही फार स्वस्त वस्तू आहे.

मुलांच्या खेळण्यातील विमानाचे पंख हलविणारा तो लहान सर्वो, जो आता शाळांच्या प्रदर्शनांतून दिसतो, तोही याच गोत्रातला. त्याला सेकंदाला पन्नास वेळा विजेचा एक ठोका पाठवितात. ठोका दीड मिलिसेकंद टिकला तर दांडा मधोमध. एककडे आला तर एका बाजूला, दोनकडे गेला तर दुसऱ्या. दांड्याला आतून एक पॉटेन्शिओमीटर जोडलेला असतो, तो दांड्याच्या जागेप्रमाणे आतल्या ठोक्याची लांबी ठरवितो. बाहेरचा ठोका लांब की आतला, एवढे पाहून मोटार फिरते. दोन्ही सारखे झाले की थांबते. बाहेरचा ठोका तयार करावयास ५५५ ही आठ पायांची चिप पुरते, जी हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली आखली. घरात जिज्ञासू मूल असेल तर ५५५, एक प्रीसेट आणि एक सर्वो यांपासून सुरुवात करावी.

येथपर्यंत सारे गोड झाले. आता ज्यासाठी मी हा विषय निवडला ते सांगतो. परत येणारी तार तुटली तर काय होते?

स्टॅबिलायझरमधील तो नमुन्याचा चिमुकला ट्रान्सफॉर्मर जळाला असे समजा. कार्डावर खबर येते शून्य. कार्डाला ‘तार तुटली’ आणि ‘दाब शून्य झाला’ यांत भेद करता येत नाही. त्याच्या दृष्टीने दाब पडला आहे. ते ‘चढव’ म्हणते आणि चढवीतच राहते, ब्रश टोकाला जाऊन थांबेपर्यंत. जो स्टॅबिलायझर १७० व्होल्टचे २३० करू शकतो तो त्या अवस्थेत २३० चे ३१० करतो. फ्रिज, टीव्ही, पंखा, जे जोडले असेल ते गेले.

हे झाले घरचे. कारखान्यात डीसी मोटारीच्या वेगाची खबर टॅको देतो. टॅको म्हणजे मोटारीच्या दांड्याला जोडलेले एक लहान जनित्र. मोटार जितकी जोरात फिरेल तितका दाब ते परत पाठविते. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेचे सभासद असलेल्या एका कारखान्यात प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळणाऱ्या यंत्रावर टॅको आणि मोटार यांच्यामधला रबरी कपलिंग रात्रपाळीत फाटला. टॅको थांबला. ड्राइव्हला खबर गेली, वेग शून्य. ड्राइव्हने पूर्ण जोर लावला. यंत्र बेफाम सुटले, रोलजवळ उभ्या असलेल्या हेल्परची दोन बोटे गेली.

चौकशीत ड्राइव्हचे कार्ड तपासले गेले. ते ठीक निघाले. तसा दाखला जोडून निष्कर्ष लिहिला गेला की, यंत्रात दोष नाही, सबब कामगाराचा निष्काळजीपणा. मी संघटनेतर्फे हजर होतो. मी म्हणालो, “साहेब, कार्ड ठीक होते हे आम्हाला मान्य आहे. ते बिघडलेले असते तर यंत्र कदाचित बंद पडले असते. ठीक होते म्हणूनच ते सांगितल्याप्रमाणे धावले. त्याला कोणी काय सांगितले ते तपासा.” मग फाटलेला कपलिंग टेबलावर ठेवला. यंत्राचा नकाशा मागवून घेतला, आणि टॅकोची तार कोठून कोठे जाते ते बोट ठेवून दाखविले. त्या खोलीत बसलेल्या पदवीधरांना हे माहीत नव्हते असे मला म्हणावयाचे नाही. माहीत होते. विचारणारा कोणी असेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. निष्कर्ष बदलला, भरपाई मिळाली. बोटे मिळाली नाहीत.

उपाय इतका साधा आहे की राग येतो. टॅको खोटे बोलू लागला तर दुसरा साक्षीदार जागेवरच हजर असतो, तो म्हणजे मोटारीच्या आर्मेचरवरचा दाब. मोटार फिरत असताना हा दाब साधारण वेगाच्या प्रमाणात असतो. दोन्ही दाब योग्य रेझिस्टरांनी उतरवून एका मापावर आणावयाचे, पूर्ण वेगाला दोन्ही १० व्होल्ट. मग एका कंपॅरेटरने पाहावयाचे: आर्मेचरची साक्ष टॅकोच्या साक्षीपेक्षा चतुर्थांशाहून अधिक पुढे गेली काय? भार वाढला की आर्मेचरच्या आतच काही टक्के दाब खर्च होतो, म्हणून थोडी सूट ठेवावी लागते. आणि क्षणिक धक्क्यांनी यंत्र बंद पडू नये म्हणून रेझिस्टर-कपॅसिटरची लहानशी ढील. फरक टिकला की रिले सुटतो आणि मुख्य कॉन्टॅक्टर पडतो. आर्मेचरचा दाब शेकडो व्होल्टचा आणि जीवघेणा असतो, तेव्हा त्याची खबर कार्डावर घेताना मधे विद्युत-विलगता हवी. हे काम घरगुती प्रयोगाचे नव्हे. त्या खात्यातील चारही यंत्रांवर पुढे अशी कार्डे बसली. चांगल्या ड्राइव्हमध्ये ही सोय आता आतच असते. परंतु वरचेवर यंत्र बंद पडते म्हणून ती सोय प्रोग्रॅममधून ‘ऑफ’ केलेली मी दोन ठिकाणी पाहिली आहे. मायक्रोकंट्रोलरच्या कार्डाची ही एक अडचण आहे. जुन्या कार्डावर कोणी तार काढून ठेवली तर ती लोंबताना दिसे.

यात एक बारकावा आहे, तो फिटर-वायरमन मंडळींनी अवश्य ध्यानात घ्यावा. रिले ‘धोका आल्यावर ओढला जावा’ असा जोडू नये. ‘सर्व ठीक असेतोवर ओढलेला राहावा’ असा जोडावा. मग कार्डाची वीज गेली, फ्यूज उडाला, रिलेचे वेटोळे जळाले, तार उंदराने कुरतडली, यांपैकी काहीही झाले तरी रिले सुटतो आणि यंत्र थांबते. आणीबाणीचे लाल बटण याच कारणास्तव बंद संपर्काचे असते: दाबल्यावर ते मंडल तोडते. याच विचाराने मोठ्या कारखान्यांतून तापमान, दाब, पातळी यांच्या खबरी ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाहाच्या रूपाने पाठविण्याची रूढी पडली आहे. टाकी रिकामी असेल तरी तारेतून ४ मिलिअँपिअर वाहत असतात. खरोखर शून्य आले तर टाकी रिकामी आहे असा अर्थ होत नाही. तार तुटली आहे असाच होतो. ज्याने प्रथम शून्याला असे जिवंत केले त्याचे नाव मला सांगता आले असते तर फार बरे वाटले असते.

स्टॅबिलायझर घरी वा कारखान्यात असेल तर त्याची परीक्षा जाणत्या वायरमनकडून पुढीलप्रमाणे करून घ्यावी. सगळा भार सोडवून बाहेरच्या टोकांना फक्त मीटर लावावा. वीज बंद करून नमुन्याच्या ट्रान्सफॉर्मरची एक तार काढावी, मग वीज सुरू करावी. भुजा वर चढू लागेल आणि मीटरचा आकडाही. तो २५०-२६० च्या सुमारास गेला की ‘हाय-कट’चा कॉन्टॅक्टर पडला पाहिजे. पडला तर तार परत जोडून झाकण लावावे. पडला नाही तर ताबडतोब वीज बंद करून हाय-कटच्या मंडलाला खबर कोठून येते ते शोधावे. बहुतेक स्वस्त पेट्यांत ती त्याच चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरवरून घेतलेली आढळते. म्हणजे चोर आणि पहारेकरी एकाच डोळ्याने पाहणारे. अशा पेटीत हाय-कटसाठी दुसरा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर बसवून घ्यावा. जागा लागते काडेपेटीपेक्षा थोडी जास्त, आणि तो थेट बाहेरच्या टोकांवरच जोडावा, कार्डावरून तार ओढून नव्हे.